प्रस्तावना : सहीच्या पुढचा वाचक

सत्राचे शेवटचे दोन आठवडे आले की महाविद्यालयात सबमिशनची धांदल सुरू होते. जर्नल पुरे करायचे, आकृत्या पेन्सिलीने काढायच्या, अनुक्रमणिकेत तारखा घालायच्या आणि सरांची किंवा मॅडमची सही मिळवायची. मागच्या वर्षीच्या कुणाचे तरी जर्नल वर्गात हातोहात फिरते आणि त्यातली निरीक्षणे, गणिते, निष्कर्ष जसेच्या तसे नव्या कागदावर उतरतात. शिक्षकांच्या टेबलावर एकेका वर्गाच्या साठ-सत्तर फायली साचतात. त्या नीट वाचायच्या तर महिना लागेल, हातात मात्र चार दिवस असतात. मग सही होते, शिक्का बसतो, फाइल कपाटात जाते आणि काही वर्षांनी रद्दीत. हातांनी लिहून लिहून बोटे दुखवून घेतलेल्या मजकुराला सही करणारा मिळतो, वाचणारा मिळत नाही. ज्या अभ्यासक्षेत्रात मी वाचकांचे स्वागत करतो आहे, ते या उणिवेवर काम करणारे क्षेत्र आहे.

गोष्ट तशी साधी. विद्यार्थ्याने आपले काम ऑनलाइन द्यायचे. ते त्याच्याच वर्गातल्या चार-पाच जणांकडे वाचायला जायचे. त्यांनी आधी ठरलेल्या निकषांवर आपले म्हणणे लिहायचे आणि ते वाचून मूळ लेखकाने काम सुधारून पुन्हा द्यायचे. शिक्षणशास्त्रात याला सहाध्यायी मूल्यमापन म्हणतात आणि वाचणाऱ्याने लिहिलेल्या अभिप्रायाला प्रत्याभरण. एवढ्या साध्या गोष्टीभोवती गेल्या तीस-चाळीस वर्षांत जगभर संशोधन झाले आहे, कारण ती करायला घेतली की एकेक अवघड प्रश्न समोर येतो. मुले एकमेकांना खरे सांगतील का? त्यांनी दिलेले गुण धरायचे का? ज्याला स्वतःलाच विषय नीट येत नाही, तो दुसऱ्याला काय सांगणार?

हे मी सुप्यात बसून लिहितो आहे, आणि त्या जागेचा विषयाशी संबंध आहे. पुणे-नगर रस्त्यावरचे, पारनेर तालुक्यातले हे गाव. एका अंगाला औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगाला पावसाच्या भरवशावरची शेती. इथला विद्यार्थी पारनेरला किंवा नगरला कॉलेजला जातो, तासांना बसतो आणि गाडीच्या वेळेकडे लक्ष ठेवून परततो. कंपनीत पाळी करून शिकू पाहणाऱ्याला नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. 1989 मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाची सगळी मांडणीच अभ्यासकेंद्र, स्वयंअध्ययनाची पुस्तके आणि गृहपाठ यांवर उभी आहे. अशा विद्यार्थ्याला वर्गमित्राची वही घेऊन कट्ट्यावर निवांत बसायला मिळत नाही. फोन मात्र त्याच्या खिशात असतो, आणि वहीच्या पानांचे फोटो काढून त्यांची एक पीडीएफ करणे आता दहावीच्या पोरालाही येते. शहरातल्या वसतिगृहात जे सहवासाने आपोआप घडते, ते सुप्यासारख्या ठिकाणी मुद्दाम घडवावे लागते. म्हणून मला हे क्षेत्र शहरांपेक्षा आपल्या तालुक्यांच्या अधिक कामाचे वाटते.

बरोबरीच्यांनी एकमेकांचे काम वाचण्याची ही कल्पना परदेशातून आलेल्या संगणकाबरोबर आली, असे समजणाऱ्यांना आपला इतिहास थोडा सांगितला पाहिजे. 1848 मध्ये मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या तरुण अध्यापकांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. दादाभाई नौरोजी त्यांत होते. सभासदाने निबंध लिहून आणायचा, सभेत वाचायचा आणि बाकीच्यांनी त्यावर चर्चा करायची, ही तिची रीत. तिची मराठी शाखा म्हणजे ज्ञानप्रसारक सभा, आणि 1850 पासून निघालेले ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक याच वातावरणातले. तिथे निबंधाला गुण नव्हते, सहीही नव्हती. ऐकणारे बरोबरीचे होते आणि लिहिणाऱ्याला ते ठाऊक होते. ज्या पिढीने पुढे मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या, ती पिढी अशा बैठकांतून तयार झाली.

त्याहून जवळचे उदाहरण बीएडच्या वर्गातल्या सूक्ष्मअध्यापनाचे, म्हणजे छोट्या सराव-पाठाचे आहे आणि त्यावर मी थोडा थांबणार आहे, कारण महाराष्ट्रातल्या लाखो शिक्षकांनी ते स्वतः केलेले आहे. सूक्ष्मअध्यापनाचे चक्र 36 मिनिटांचे असते. 6 मिनिटे पाठ, 6 मिनिटे प्रत्याभरण, 12 मिनिटे पुनर्नियोजन, पुन्हा 6 मिनिटे पाठ, पुन्हा 6 मिनिटे प्रत्याभरण. ही पद्धत 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात निघाली. आपल्याकडे तिला जे रूप मिळाले त्यात शाळेतल्या मुलांच्या जागी छात्राध्यापकच बसतात. कौशल्य एका वेळी एकच, समजा प्रश्न विचारण्याचे. समोर बसलेल्यांतले एक-दोन जण निरीक्षक. त्यांच्या हातातल्या तक्त्यावर घटक छापलेले असतात : प्रश्न नेमका होता का, विचारल्यावर थांबला का, सगळ्या वर्गाला विचारला की पहिल्या बाकालाच, ‘हो-नाही’त उत्तर येईल असे किती. निरीक्षक प्रत्येक घटकापुढे ताळ्याच्या खुणा मारत जातो. पाठ संपला की तो ‘तुझा पाठ चांगला झाला’ असे म्हणू शकत नाही, कारण खुणा समोर आहेत. त्याला म्हणावे लागते, ‘तू अकरा प्रश्न विचारलेस, त्यांतले सात खिडकीकडच्या रांगेला.’ बारा मिनिटांनी तोच पाठ पुन्हा होतो, आणि खिडकीकडे बघणारी नजर दाराकडेही वळते.

या छोट्या चक्रात सहाध्यायी प्रत्याभरणाचे जवळपास सगळे मर्म आले आहे. निकष आधी ठरलेले, निरीक्षण मोजके, अभिप्राय कामाविषयी, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सुधारून पुन्हा करण्याची संधी लगेच. खेद एवढाच की बीएड पदरात पडल्यावर यातला फारच थोडा भाग शिक्षक आपल्या वर्गात नेतो. शासनाच्या कागदावर तर ही गोष्ट केव्हाच आली आहे. 20 ऑगस्ट 2010 च्या निर्णयाने पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले, त्यात आकारिक मूल्यमापनाची आठ साधने सांगितली. आठवे साधन ‘इतर’, आणि त्या ‘इतर’मध्ये स्वयंमूल्यमापन व गटकार्य यांच्याबरोबर सहाध्यायी मूल्यमापन आहे. नोंदवहीचा शेवटचा रकाना जसा भरला जातो तसाच तो बहुतेक ठिकाणी भरला गेला. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मात्र प्रगतिपुस्तकातच शिक्षकांच्या मूल्यमापनाशेजारी विद्यार्थ्याचे स्वतःचे आणि सहाध्यायांचे मूल्यमापन आणून बसवले. आता त्याला ‘इतर’मध्ये ठेवून चालणार नाही.

टाळेबंदीने आपल्याला ऑनलाइन काम द्यायची सवय लावली. गृहपाठाच्या पानाचे तिरपे, सावली पडलेले फोटो वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर येत आणि शिक्षक त्यावर अंगठा ठेवत. नोव्हेंबर 2020 मध्ये राज्यात ‘स्वाध्याय’ उपक्रम सुरू झाला. दर आठवड्याला व्हॉट्सअॅपवर बहुपर्यायी प्रश्न यायचे आणि उत्तर बरोबर की चूक हे यंत्र लगेच सांगायचे. त्या काळात त्याने मोठे काम केले, पण बहुपर्यायी प्रश्नाला वाचक लागत नाही. त्याआधी, 2017 मध्ये, मुंबई विद्यापीठाने लाखो उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासायला घेतल्या तेव्हा निकाल महिनोन्‌महिने रखडले. कागद संगणकात गेला म्हणून वाचणाऱ्यांची संख्या वाढत नसते, हे त्या वर्षी सगळ्या राज्याने पाहिले.

वाचणाऱ्यांची संख्या खरोखर वाढवायची तर काम वर्गातच वाटले पाहिजे. त्यासाठी आज साधने आहेत. 2002 मध्ये मार्टिन डुगियामास यांनी आणलेले मूडल हे ऑनलाइन वर्ग चालवण्याचे सॉफ्टवेअर आपल्याकडच्या अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत वापरात आहे आणि त्यात ‘वर्कशॉप’ नावाचा एक उपक्रम आहे. शिक्षक आधी निकष लिहितो. मुदतीपर्यंत मुले काम देतात. मग संगणक प्रत्येकाचे काम ठरलेल्या संख्येइतक्या मुलांकडे वाटतो, हवे तर नावे झाकून. त्याआधी सगळ्यांना एक-दोन नमुना उत्तरे तपासायला देता येतात, म्हणजे शिक्षकाच्या तपासण्याशी आपले तपासणे कितपत जुळते ते मुलाला कळते. शेवटी प्रत्येकाला दोन वेगळे गुण मिळतात, एक स्वतःच्या कामाचे आणि एक दुसऱ्याचे काम तपासण्याचे. मुळात ही वाटणी 80 आणि 20 अशी येते, शिक्षकाला ती बदलता येते. दुसऱ्याचे काम मनापासून वाचण्याला गुण देणारी तरतूद आपल्या परीक्षापद्धतीत मला दुसरीकडे कुठे दिसत नाही. जिथे मूडल नाही तिथे व्हॉट्सअॅप गट, फॉर्म आणि नावाच्या जागी क्रमांक यांवरही काम भागते. साधनाची अडचण पुढे करून हा विषय टाळणाऱ्यांशी मी सहमत नाही.

गुणांच्या भरवशाचा प्रश्न उरतोच. त्यावरचा एक अभ्यास या क्षेत्रात येणाऱ्याने आधी वाचावा असा आहे. 2012 मध्ये स्टॅनफर्डच्या स्कॉट क्लेमर यांचा मानव-संगणक संवादावरचा अभ्यासक्रम कोर्सेरा या ऑनलाइन मंचावर आला. जगभरातले हजारो विद्यार्थी, तपासणारे मोजके. म्हणून प्रत्येकाने पाच सहाध्यायांचे काम आणि मग स्वतःचे काम तपासायचे, अशी योजना केली. चिन्मय कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये त्याचा हिशेब मांडला. अभ्यासक्रम दुसऱ्यांदा झाला तेव्हा सहाध्यायांनी दिलेले गुण 42.9 टक्के विद्यार्थ्यांच्या बाबतीत अध्यापकवर्गाच्या गुणांपासून 5 टक्क्यांच्या आत होते आणि 65.5 टक्क्यांच्या बाबतीत 10 टक्क्यांच्या आत. स्वतःला मुले सरासरी 7 टक्के जास्त देत होती. निकषांची भाषा सुधारली, मोघम शब्द काढले, तेव्हा गुणांतली मध्यक चूक 12.4 वरून 9.9 टक्क्यांवर आली. शिक्षकाने निकष लिहिताना घेतलेली मेहनत वाया जात नाही, याचा एवढा स्पष्ट पुरावा क्वचित मिळतो. ‘मांडणी चांगली आहे का’ असे विचारले तर पाच जण पाच गोष्टी तपासतात. ‘प्रत्येक तक्त्याला शीर्षक, एकके आणि माहिती कुठून घेतली याची नोंद आहे का’ असे विचारले तर पाचही जण तीच गोष्ट शोधतात.

त्याच अभ्यासातला आणखी एक आकडा मला अधिक अस्वस्थ करतो. आपल्याच देशातल्या सहाध्यायाच्या कामाला मुले 3.6 टक्के जास्त गुण देत होती. हे अनोळखी माणसांच्या जगव्यापी वर्गात घडत होते. आपल्या वर्गात तर आडनाव कळले की गाव कळते, गावावरून भावकी आणि बऱ्याचदा जातही. दहावी-बारावीच्या उत्तरपत्रिकांवर बारकोड आणि होलोक्राफ्ट स्टिकर लावून मंडळ परीक्षार्थीची ओळख झाकते, त्यामागे अनुभव आहे. सहाध्यायी मूल्यमापन करताना निदान पहिल्या फेरीत नावे झाकावीत, असे माझे ठाम मत आहे. परस्परांची ओळख, मैत्री, उमेदीतला उत्साह यांना दुसऱ्या फेरीत, समोरासमोरच्या चर्चेत, भरपूर जागा आहे.

आता या विषयाच्या गाभ्याकडे. ऑस्ट्रेलियाचे डी. रॉइस सॅडलर यांनी 1989 मध्ये मांडले की विद्यार्थी सुधारायचा तर चांगले काम कशाला म्हणतात याची जाण शिक्षकाइतकीच त्याच्याही मनात उतरली पाहिजे. आपले काम त्याच्याशी ताडून पाहता आले पाहिजे आणि अंतर कमी करायचा उपायही माहीत पाहिजे. शिक्षकाने लाल शाईत लिहिलेला शेरा वाचून ही जाण येत नाही. ती दहा जणांची दहा प्रकारची कामे हाताखालून गेली की येते, आणि म्हणून ती शिक्षकांकडे असते. 2009 मध्ये क्रिस्टी लुंडस्ट्रॉम आणि वेंडी बेकर यांनी इंग्रजी शिकणाऱ्यांचे दोन गट केले. एका गटाने सत्रभर फक्त अभिप्राय द्यायला शिकायचे, दुसऱ्याने फक्त आलेल्या अभिप्रायावरून सुधारायला. सत्राअखेरीस देणाऱ्यांचे स्वतःचे लेखन घेणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारले होते, आणि हा फायदा ज्यांची भाषा कच्ची होती त्यांच्यात जास्त दिसला. ‘ज्याला येत नाही तो काय सांगणार’ या शंकेला यात उत्तर आहे : सांगता सांगता त्याचेच शिक्षण होते.

हे प्रत्यक्षात कसे दिसते ते एका नमुन्यावर पाहू. समजा, पारनेर भागातल्या एका विद्यार्थिनीने फील्ड प्रोजेक्टसाठी आपल्या गावातल्या कांदाचाळींचा अहवाल लिहिला आहे. पाच चाळी, प्रत्येकीत किती कांदा भरला, किती सडला, किती विकला. तिला आलेला पहिला अभिप्राय असा : ‘छान माहिती दिली आहे. फोटो सुंदर.’ दुसरा असा : ‘दुसऱ्या तक्त्यात सड टक्क्यांत दिली आहे, पण चाळ कोणत्या महिन्यात भरली आणि कोणत्या महिन्यात फोडली ते नाही. दोन महिने ठेवलेला कांदा आणि पाच महिने ठेवलेला कांदा यांची सड शेजारी ठेवता येणार नाही. शिवाय कोंब फुटलेला कांदा सडीत धरला की वेगळा, ते लिही. चौथ्या चाळीचा मालक कांदा वाळवून, पात कापून भरतो हे तू तळाशी एका ओळीत सांगितलेस, मला वाटते तुझा खरा निष्कर्ष तिथेच आहे.’

पहिल्या अभिप्रायाने कुणाचेच नुकसान झाले नाही आणि कुणाचा फायदाही झाला नाही. दुसऱ्याने अहवालाचा कणा बदलू शकतो. पण लिहिणाऱ्याकडे बघा. त्याला तक्ता रकान्यागणिक वाचावा लागला. घरच्या चाळीचे ज्ञान त्याला पुस्तकातल्या ‘तुलनीयता’ या संकल्पनेपाशी घेऊन आले. तो स्वतःच्या अहवालाकडे परत गेला की तिथली तीच उणीव त्याला टोचणार. ग्रामीण महाविद्यालयातल्या मुलांकडे अशा माहितीचा मोठा साठा असतो आणि आपली परीक्षा त्याला कधी हाक मारत नाही. वर्गातला सहाध्यायी वाचक असला की तो साठा कामाला येतो, कारण चाळ कधी फोडतात हे त्यालाही ठाऊक असते.

पहिल्या प्रकारचाच अभिप्राय जास्त का येतो, यामागे आळस असतोच असे नाही. समोरच्याला वाईट वाटू नये ही आपली घरची शिकवण आहे, आणि वर्षभर एकाच बाकावर बसायचे असते. म्हणून खरे बोलण्याची एक रीत शिकवावी लागते. काय दिसले ते आधी सांगायचे, काय कळले नाही ते विचारायचे आणि मग एक करण्याजोगी सूचना द्यायची. पहिल्या पंधरवड्यात शिक्षकाने वर्गासमोर स्वतःच्याच एखाद्या टिपणावर मुलांकडून असा अभिप्राय घेतला तर भीड मोडायला फार वेळ लागत नाही. लिहायला संकोच वाटणाऱ्याला आवाजी संदेश पाठवू द्यावा. आपली मुले बोलताना जितकी नेमकी असतात तितकी प्रमाण मराठीत लिहिताना नसतात, आणि अभिप्राय नगरी बोलीत आला म्हणून त्याचे मोल कमी होत नाही.

पूर्वतयारीशिवाय उडी घेतली की काय होते, याची नोंद पुण्याच्या नावावर आहे. 2011 मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने पुण्यातल्या काही महाविद्यालयांत एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहायचे. कल्पना उत्तम होती : काम सगळ्या जगासमोर जाणार आणि जगभरातले स्वयंसेवक ते वाचणार. झाले असे की अनेकांनी पुस्तकांतला आणि संकेतस्थळांवरचा मजकूर जसाच्या तसा उतरवला. प्रताधिकाराचा भंग करणारे लेख शोधून काढता काढता स्वयंसेवक थकले आणि त्याच वर्षी तो प्रयोग थांबवावा लागला. यात त्या मुलांना दोष देऊन आपण मोकळे होऊ नये. जर्नल उतरवून काढणे हाच ज्यांचा शिकण्याचा अनुभव, त्यांना सबमिशन म्हणजे तेच वाटले. आपल्या शब्दांत लिहिलेले काम आपल्याच वर्गातल्या चौघांनी वाचण्याचा टप्पा मध्ये असता, तर जगापुढे जाण्याआधी बऱ्याच गोष्टी घरातच सुधारल्या असत्या.

गेल्या काही वर्षांत अभिप्राय लिहून देणारी यंत्रेही आली आहेत, आणि ती मराठीतही लिहितात. लेखकाला त्यांचा उपयोग होईल. पण यंत्राने अभिप्राय दिला की देणाऱ्याच्या जागी बसून शिकणारा विद्यार्थीच त्या व्यवहारातून नाहीसा होतो, आणि वर पाहिले त्याप्रमाणे सर्वांत मोठा लाभ त्याचाच असतो. म्हणून या क्षेत्राची गरज यंत्रांमुळे वाढली आहे, असे मी मानतो.

नव्या अभ्यासकांना इथे करण्यासारखे पुष्कळ आहे. मराठी माध्यमाच्या वर्गांत मुले एकमेकांना काय लिहितात, कोणत्या शब्दांत लिहितात, मुली मुलांच्या कामावर मोकळेपणाने लिहितात का, घरात एकच फोन असलेल्या विद्यार्थ्याला मुदत किती द्यावी, या प्रश्नांची उत्तरे स्टॅनफर्डच्या आकड्यांतून मिळणार नाहीत. ती पारनेर, पाथर्डी, जामखेडच्या वर्गांतून गोळा करावी लागतील. आणि ज्या शिक्षकाला संशोधन करायचे नाही, फक्त करून पाहायचे आहे, त्याने सगळे जर्नल एकदम हाती घेऊ नये. सत्रातले एकच काम निवडावे, दोन पानांचे. तीन निकष लिहावेत. नावे काढून प्रत्येक काम तिघांकडे द्यावे, आठ दिवस द्यावेत, आणि सुधारून आणलेला दुसरा खर्डा पहिल्याच्या शेजारी ठेवून मग गुण द्यावेत.

सुपा, ता. पारनेर, जि. अहिल्यानगर